चलनावरचे रकाने

एकतीस वर्षं झाली मला या खिडकीत.
खिडकी म्हणजे काय, जाळीला कापलेलं एक भोक,
हात येईल एवढं,
तोंड येणार नाही एवढं.
जूनमध्ये माझ्यामागे कूलर घरघरतो,
वाळ्याचा वास फक्त आमच्या बाजूला.
पोट्टे उन्हात, डोक्याला दुपट्टे बांधून,
थेट अमरावती रोडच्या फाटकापर्यंत.

मी लागलो तेव्हा पावतीवर सात रकाने होते.
कार्बन घालून लिहायचो, बोटं निळी व्हायची,
बायको विचारायची, शाईनं जेवता काय?
आता एकोणीस आहेत.
लिहावे लागत नाहीत, मशीनच ओकतं:
विकास निधी, ई-सुविधा, ओळखपत्र,
आपत्ती व्यवस्थापन
(आपत्ती अजून आली नाही, पैसे येतात).

यंदा परिपत्रक आलं.
शिकवणी शुल्कात कोणतीही वाढ नाही.
साहेबांनी काचेमागे लावून घेतलं,
चार टाचण्या, चार कोपरे.
मी पहिला रकाना पाहिला.
जुनाच आकडा, शहाण्या पोरासारखा हाताची घडी घालून.
मग एकेक पायरी खाली उतरलो
आणि बेरजेपाशी पोचलो
तर दोन हजार सहाशे चाळीस जास्त.
दाराला कुलूप लावलं बाप्पा,
आणि भिंतच काढून नेली.

वंदिता नंदनवार, गोळीबार चौक,
बी.एस्सी. दुसरं वर्ष.
माग विकल्यापासून बाप एटीएमच्या दारात रात्रपाळीला.
नोटा साडीच्या पिशवीत, सुट्टे वेगळे बांधलेले.
तिनं चलन वाचलं, मग परिपत्रक,
मग परत चलन.
"काका, इथं तर लिहिलंय वाढ नाही म्हणून."
"नाहीच ना."
"मग हे काऊन?"

काऊन.
एवढ्या वर्षांत या भोकातून
किती, कुठं, कधीपर्यंत, एवढंच आत आलं.
हा शब्द आला
आणि स्टॅम्पपॅडशेजारी बसून राहिला.

मागून कोणी ओरडलं, "सरक ना बे!"
मी म्हटलं, आठ तारखेपर्यंत मुदत आहे.
ती बाजूला झाली, गेली नाही.
खांबाला चलन टेकवून
एकेक रकाना पाठीवर उतरवू लागली,
पुढे आकडा, त्यापुढे प्रश्नचिन्ह.
विकासापुढे दोन.

आठला पैसे भरले तिनं. पूर्ण.
कुठून आणले, त्याला रकाना नाही.

डिसेंबरात अधिवेशन भरलं.
बर्डीकडे जाणारी माझी बस टी-पॉइंटजवळ थांबली,
बॅरिकेडला रेटून शे-सव्वाशे पोरं,
आणि कूलरच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर
एकोणीस नावं, माझ्या मशीनच्याच क्रमानं.
खाली, ओळखीच्या अक्षरात:
एका रकान्यावर नाही, बेरजेवर मर्यादा घाला.

मी उतरलो नाही.
खोटं कशाला बोलू,
निवृत्तीला अकरा महिने आहेत.

दुसऱ्या दिवशी मात्र कपाट उघडलं,
तळाचं जुनं पावतीपुस्तक काढलं,
एक पान फाडलं, सात रकान्यांचं,
आणि परिपत्रकाच्या शेजारी लावलं.
टाचणी नव्हती. डिंक होता.
साहेबांनी अजून पाहिलं नाही.
पोट्टे पाहतात, बोट ठेवून मोजतात,
पलीकडचं मोजतात.

रांग जरा हळू सरकते आताशा.