तीच ओळ, पुन्हा

ओळ नऊ. आणि मग, बरंच खाली, ओळ एकतीस.
तेच नाव, तेच टोकदार कंस,
अक्षरशः तीच.
वरची कुणीतरी घातली, हा शाळेत होता तेव्हा;
खालची आठ वर्षांनी दुसऱ्याच कुणी,
ज्याने फाइल वर सरकवून पाहिलीच नाही.
दोघांची कधी गाठ पडली नसेल.

ब्रनोच्या फेब्रुवारीत ल्युबोरने खिडकी लावून घेतली
आणि एकतीस पुसली.

तसं तिचं ओझं कुणालाच नव्हतं.
हेडरच्या दाराशी राखणदार असतो.
पहिल्यांदा आलात, या, बसा.
दुसऱ्यांदा आलात की म्हणतो,
मघाशीच येऊन गेलात ना,
आणि कडी काढतही नाही.
कंपाइलर मुकाट पुढे जातो.

मग पुसतोस कशाला, बहिणीने विचारलं.
ब्लाझेना दातांची डॉक्टर,
जिचा अर्धा दिवस
अजून न दुखणारे दात खरवडण्यात जातो.
ल्युबोर नुसता तिच्याकडे पाहत राहिला.
"बरं," ती म्हणाली, "कळलं."

आठवडाभरात एकशे आठ ओळी गेल्या,
हळूहळू, एकेक, जिथेतिथे
(आपल्या भाषेला दोनदा म्हटल्याशिवाय चैन नाही.
घर वेगळं, घरोघर वेगळं.
मागे वेगळं आणि मागेमागे तर फारच वेगळं.
यंत्राला हे कोण सांगणार?)

गुरुवारी ड्राहोमीराचं उत्तर आलं. दोन वाक्यं.
"शेवटची दोनदा आहे ती मुद्दाम.
मधलं वाच."

त्याच्या यंत्रावर सगळं सुरळीत होतं.
तळघरातल्या जुन्या यंत्रावर,
जे आता एकटी ड्राहोमीराच चालू ठेवते,
बिल्ड कोसळला होता.

मध्ये दोन ओळी होत्या.
एका शब्दाचा अर्थ तिथे पुसून
दुसरा लिहिला होता,
आणि त्या फाइलीच्या दाराशी राखणदारच नव्हता.
पहिल्या खेपेला ती आकडे द्यायची,
दुसऱ्या खेपेला त्याच आकड्यांची नावं.
तीच फाइल. काना-मात्रेचाही फरक नाही.

पेत्रोव्हच्या टेकडीवर घंटा सुरू झाली.
या गावात अकरा वाजता बाराचे टोले पडतात.
कुठल्याशा वेढ्याची गोष्ट सांगतात;
वेढा उठून शतकं झाली,
पण तो तास दुरुस्त करणारा पॅच
अजून कुणी पाठवलेला नाही.

ल्युबोरने मोजले. बारा.
मग ओळ जिथली तिथे लावली,
वर टीप लिहिली: दोनदा आहे. असू दे.

रात्री ब्लाझेनाने विचारलं, आज किती काढल्यास?
"एकही नाही. एक वाढली. टीप धरून दोन."
ती हात धूत होती, कोपरापर्यंत, सवयीने.
वळली नाही.
"अक्कलदाढ," म्हणाली.