आवक-जावक

पहिल्या रविवारी तिनं बूट बाहेर काढले नाहीत,
आणि बसली थेट पुरुषांच्या बाजूला,
पगारे गुरुजींच्या बाकावर. गुरुजी
खिडकीकडे इतके सरकले
की उपदेश संपेपर्यंत त्यांचा अर्धा खांदा उन्हात.
कुणी काही बोललं नाही. आपल्याकडे
बोलत नाहीत, बघतात.
पुढच्या रविवारी सुलभाबाईंनी
शेजारची जागा पदर टाकून धरली.

नेमा, मोम्बासाची. सहा महिने
नाशिकच्या इस्पितळात, फिजिओथेरपीच्या खोलीत,
पडलेल्यांना उभं करायला शिकायला आलेली.
मंडळीत तिची लगेच नीमा झाली.
ती म्हणाली, आमच्यात नेमा म्हणजे कृपा.
कृपा इथं तीन आहेत, सुलभाबाई म्हणाल्या,
तू नीमाच राहा.

मी चौतीस वर्षं नोट प्रेसमध्ये, नाशिक रोडला.
आता मंडळीचा खजिनदार.
त्या पहिल्याच रविवारी दानाची पिशवी उलटी केली
तर दहाच्या नोटांत एक परकी, शंभर शिलिंगची.
डोळ्यांआधी बोटांना कळलं.
खिडकीशी धरली. आत जलचिन्हात सिंह.
सिंह आमच्याही नोटेवर आहेत,
पण ते पाठीला पाठ लावून उभे.
बँक घेणार नाही. फेकणार कशी, देवाचं दान.
खिशातले शंभर पिशवीत टाकले,
नोट माझ्या जुन्या पासबुकात.

बाकी तिचं हळूहळू बसत गेलं.
झांज वाजली की ती उठायची, जवळजवळ नाचायलाच,
मग इकडंतिकडं बघून नुसत्या टाचा.
त्या टाचांकडं बघता बघता शांतवनचा तबला
तिसऱ्या कडव्यात पळायचा.
मी पाळकसाहेबांना सांगितलं नाही.

जेवलीस का, विचारलं की ती खरं सांगायची:
नाही. मग एका दुपारी तीन घरी ताट.

एका मंगळवारी वेस्ट्रीच्या पायरीवर रडत बसलेली.
म्हणाली, मला इथं कुणी एकटं सोडतच नाही.
आणि थोड्या वेळानं,
रात्री फार एकटं वाटतं.
मी चहा आणवला.
चाय, ती म्हणाली. आमच्याकडंही चाय.
मग पायरीवर बसून मोजदाद:
गाडी, गारी. दुकान, दुका. पैसा, पेसा.
चपाती ती चपातीच.
गलबतांतून गेले असतील शब्द, मी म्हणालो.
माणसंही, ती म्हणाली.

तेव्हा मी बोलून गेलो, की शरणपूरला एकेकाळी
तुमच्या बाजूची पोरं होती,
गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली.
इथं हातोडा धरायला शिकली, प्रार्थना शिकली,
काही परत गेली.
तिनं कप खाली ठेवला.
त्यांना कुणी विचारायचं का, जेवलात का?

मला नाही सांगता आलं.

कापणीच्या सणाला लिलाव. भोपळा, गावठी कोंबडा,
दिंडोरीच्या पाहुण्यांची द्राक्षांची पेटी,
आणि नीमानं लाटलेली एकच चपाती, पदरापदराची.
सुलभाबाई तीनशे. शांतवन पाचशे म्हणाला
आणि लाजला.
अकराशेला गेली, पगारे गुरुजींना.
एका चपातीला? इतके पेसा? ती घाबरलीच.
गुरुजींनी उभ्या उभ्या तुकडे केले,
घाईत, पाघळत्या तुपानं बाही माखवून.
मला कडेचा मिळाला, थोडा करपलेला.

निघताना म्हणाली, मी जाते.
येते म्हणावं, सुलभाबाईंनी दटावलं.
पण मी येणार नाही.
तरी म्हणावं.
तिनं बूट घातले, नाडी दोनदा बांधली.
येते.

जावकेच्या रकान्यात लिहिलंय:
निरोपाचा हार, एकशे वीस. पेढे, अर्धा किलो.
आवकेत ती नोट अजून नाही.
दर मार्चला तपासनीस यायच्या आधी
मी पासबुक ड्रॉवरमध्ये सरकवतो,
आणि कुलूप लावण्यापूर्वी, कुणी नसेल तर,
एकदा उजेडाला धरतो.