बुडतं की तरंगतं

दांडियाबाजारच्या बालमंदिरात बुधवार पाण्याचा.
जसीबेन नळापासून टब ओढत आणतात,
वाटेत निम्मं पाणी फरशीलाच पाजतात
आणि दर बुधवारी म्हणतात, "बस, आटलुं घणुं."

मी चटईवर वस्तू मांडते :
चमचा, खडू, लिंबू, बाटलीचं झाकण,
कुणाच्या तरी फ्रॉकची चार बटणं,
एक नारळ, एक टाचणी
(टाचणी माझ्याच मुठीत असते),
आणि एकवीस वर्षं विचारत आले तेच विचारते,
बुडेल की तरंगेल?

मिष्टी म्हणते, लिंबू बुडेल, आंबट आहे ना.
हेत म्हणतो, नारळ तरेल, त्याला केस आहेत.
मी कुणालाच चूक म्हणत नाही.
काय ते टब सांगतो.

नारळ डुलत वर. टाचणी सरळ तळाला.
मोठं तेच बुडणार, असं ज्यांचं पक्कं ठरलं होतं
त्यांचे त्या वेळचे चेहरे बघायला
मी या नोकरीत राहिले.
पगारासाठी राहावं अशी ती नाहीच.

अन्वय जगताप खिडकीशी.
दिवाळीनंतर आला आमच्यात, वडसरहून, वडिलांच्या रिक्षातून.
नाव विचारलं की बुटांकडे बघतो.
बुधवारी तर चटईवरही येत नाही.

मग आमचा नुसत्या डोक्यातला खेळ.
पीस? तरंगेल!
कुलूप? बुडेल!
फ्रिज? बुडेल, बुडेल! सगळे ओरडले,
आणि मीही मान हलवली.

"ना. तरे."

खिडकीकडून आलं ते.
"फ्रिज तरे. आमचा तरला. पार पंख्यापर्यंत.
गादी पण. गॅसचा बाटलो पण.
आईचं शिवायचं मशीन नाही तरलं.
ते खालीच बसून राहिलं."

मोठ्यांचा वर्ग असता तर गप्प झाला असता.
इथे हेतनं लगेच विचारलं, "मगर होती?"
"होती. जिन्यात."
"केवढी?"

अन्वय उठला. फरशीवर आडवा झाला, हात डोक्यावर ताणून.
पुरेना.
हेतला ओढून पायाशी निजवलं.
तरी पुरेना.
मिष्टीला निजवलं, तिचे गुडघे पोटाशी दुमडले,
उभं राहून नीट पाहिलं, आणि म्हणाला,
"एवढी."

अडीच मुलांची मगर.
पट्टी कपाटात होती. मी काढली नाही.

मग टबात विश्वामित्री आली.
झाकणाची होडी झाली, चमच्याचं वल्हं.
खडूची माणसं केली, ती भिजून मऊ पडायला लागली,
तेव्हा मिष्टी म्हणाली, "खडूला माणूस नको करूया,"
आणि बटणं माणसं झाली.
चारही बटणं नारळावर पोचेपर्यंत
डबा खायची वेळ टळून गेली होती,
जसीबेन दारात उभ्या होत्या, काही न बोलता.

रोजच्या वहीत एक रकाना आहे : आज काय साधले.
मी लिहिलं, मापन : अडीच मुले = एक मगर.
वह्या तपासायला येतील त्यांनी विचारावं.

सुटायच्या वेळी अन्वयनं एकेक वस्तू
स्वतःच्या शर्टाला पुसली.
चमचा, झाकण, नारळसुद्धा.
"ताई, वर ठेव."
कुठे वर?
"सगळ्यात वरच्या फळीवर. तिथे पाणी येत नाही."

आमच्याकडे नियम आहे, माझाच,
की सगळं मुलांच्या हाताशी हवं.
त्यासाठी मी तीन मुख्याध्यापिकांशी भांडले आहे.
मी स्टुलावर चढले आणि सगळं वर ठेवलं.

दोन बुधवार आम्ही स्टुलावर चढून वस्तू काढल्या.
तिसऱ्या बुधवारी लिंबू खालच्या फळीवर होतं.
कुणी ठेवलं, मी विचारलं नाही.
बाकीचं अजून वरच आहे.