पूर्ण नाव

व्हर्ना टॉलेफसन म्हणते, गाठ आवळण्याआधी
ओठांत धरून ओली कर.
कोरडी गाठ स्वतःच्याच घासण्यानं जळते,
दिसत नाही, ऐन वेळी तुटते.
सत्तावीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली;
खिडकीबाहेर हात काढू नको म्हणून
निम्मं मोपिन गाव तिनं दटावलंय.
आता मला दटावते.

पहाट. डेशूट्स नदी.
ऊन पाण्यावर उतरायच्या आत काय ते.
दोन्ही काठांना काळा कातळ, थरावर थर,
थेट आपल्या घाटातल्यासारखा.
मी म्हटलं, हा माझ्या ओळखीचा दगड आहे.
ती म्हणाली, मग त्याच्यावरून घसरू नकोस.

दोरीच्या टोकाला
तिच्या मेलेल्या कुत्र्याच्या शेपटीचे केस,
गिनी कोंबडीचं एक पीस, जांभळा धागा.
याला माशी म्हणायचं.
अशी माशी जगात कुठे जन्मत नाही.
मग मासा कशाला येतो तिच्यामागे?
भुकेनं नाही, व्हर्ना म्हणते,
समुद्रातून परतल्यावर ते फारसं जेवत नाहीत.
काहीतरी आठवत असेल.

फेक. तिरकी वाहू दे. दोन पावलं खाली. फेक.
मी पवनचक्क्यांची देखभाल करतो, मोजायची खोड.
पहिल्या हंगामात फेकी सहाशे बारा, मासा शून्य.
दुसऱ्या हंगामात मोजणं सोडलं.
मासा तरीही शून्य.

स्टीलहेड आणि इथला रेनबो ट्राउट
एकाच जातीचे. कधी कधी एकाच आईचे.
एक राहतो नदीतच, दगडाआड, हातभर जागेत.
दुसऱ्याला दोनेक वर्षांचा झाल्यावर काय होतं कोण जाणे,
अंगावर चांदी चढते
आणि तो निघतो.
एवढं सांगून व्हर्ना थर्मासचं झाकण फिरवत बसली.
मी काही बोललो नाही.

आणि लागला की ओढायचं नाही.
हात शिवशिवतात, पण ओढलंस की सुटलाच.
त्याला वळू दे. तेवढा वेळ कुणाचं तरी
नाव घे, पूर्ण.
ती नवऱ्याचं घेते. त्याचं नाव बड.
म्हणून तिचे निम्मे मासे सुटतात.

ऑक्टोबरची सात तारीख.
काठाकाठानं मालगाडी चाललेली, संपता संपेना,
त्या खडखडाटात दोरी थांबली
आणि वजन आलं,
अंधारात कुणी मनगट धरावं तसं.
माझ्या तोंडून निघालं:
यशवंत भिकाजी तारी.
अकरा वर्षांत हे नाव मी
कोर्टाच्या कागदावर सोडून कुठे घेतलेलं नाही.
त्यातले दोन शब्द माझेही आहेत.
तिसरा उच्चारेपर्यंत मासा वळला होता.

मग रिळाची किंचाळी, दोनदा हवेत उसळी,
माझे गुडघे, व्हर्नाच्या शिव्या.
ती पाण्यातच उकिडवी बसली. हात ओले कर, म्हणाली.
पाठीवर, शेपटीच्या अलीकडे,
बोटाच्या पेराएवढा एक मऊ पर असतो.
हॅचरीतल्या पिलांचा तो लहानपणीच कापतात.
कापलेला दिसला तर मासा घरी न्यायचा.
याचा शाबूत.
म्हणजे पाण्याबाहेरही काढायचा नाही.

शेपटीच्या देठाशी धरून
त्याचं तोंड प्रवाहाकडे केलं.
कल्ले उघडले, मिटले, उघडले.
मी सोडला असं म्हणता येणार नाही;
तो गेला तेव्हा माझा हात उघडाच होता.

ऊन कातळावरून घसरत पाण्यावर आलं.
आजचं संपलं.
रात्रीच्या जेवणाला काही नाही म्हणून कुरकुरत
व्हर्नानं माशी टोपीला टोचली.
कोण हा यॅशवाँट?
भाऊ.
मासे धरतो?
छे. दुकान आहे त्याचं, देवगडला.
खिळे, पत्रे, रंगाचे डबे.
गळ ठेवतो का?
मी आठवून पाहिलं.
गल्ल्याच्या डाव्या हाताला, लोणच्याच्या जुन्या बरणीत.
हो, म्हटलं. ठेवायचा.