शेवटची नस

"हात सैल सोडा," मी म्हटलं.
बेरिल स्टॅनिफोर्थनं तो टेबलावर ठेवला
धुऊन उपड्या घातलेल्या भांड्यासारखा.
वय अठ्ठ्याहत्तर.
अंगठा आणि शेजारची दोन बोटं
दोन वर्षं झाली, झोपलेली.
बटणं विल्फ लावतो,
वरचं नेहमी चुकवतो.

पंधराव्या वर्षी ती कारखान्यात लागली,
चमच्यांना चकाकी द्यायला.
कमरेला तपकिरी कागद, डोक्याला फडकं,
आणि फिरत्या चाकावर दाबून धरलेला
एकामागून एक चमचा.
चाकाची थरथर मनगटात शिरायची
ती रविवारीही उतरायची नाही.
शेफिल्डमध्ये पोलाद इतकं ओतलं गेलं
की उरलेलं बायकांच्या नसांत भरलं,
असं विल्फ सांगतो.
प्रत्येक नव्या माणसाला सांगतो.
बेरिल छताकडे बघते.

विल्फ खुर्चीत. तोंडात पेपरमिंट.
कवळीवर आपटतं ते. टक्.
मग मोठी शांतता, आता संपलं असं वाटेपर्यंत.
टक्.
मध्येच दातांतून शीळ,
कुठल्याच गाण्याची नसलेली.
"बघा," ती मला म्हणते,
"छप्पन्न वर्षं हा माणूस माझ्या नसेवर बसलाय."

माझ्या भाषेत असा माणूस डोक्यात जातो.
तिडीक उठते, अंगाचा तिळपापड होतो,
म्हणजे जे काय व्हायचं ते आपल्यालाच होतं.
हिच्या भाषेत तो तुम्हाला भिंतीवर चढवतो,
तुमची बकरी घेऊन जातो
(बकरी कुठली, कधी पाळली, विचारायचं नाही)
आणि काहीच उरलं नाही की
शेवटच्या नसेवर येऊन टेकतो.
नोकरीच्या पहिल्या वर्षी एक पेशंट म्हणाली,
पोटात फुलपाखरं आहेत.
मी पेन उघडून विचारलं होतं,
कधीपासून?

पहिला झटका, मनगटाच्या मधोमध.
पडद्यावर लाट आली, पण उशिरा,
पत्ता विसरलेल्या पाहुण्यासारखी.
पुन्हा दिला. पुन्हा तसंच.
दुसऱ्या ठिकाणी तर
रेषा नुसती आडवी पडून राहिली.
बेरिलनं विचारलं नाही काही.
टक्.

मग कोपराच्या आतल्या बाजूला,
जिथं आपटलं की इंग्लिश माणूस म्हणतो गमतीचं हाड
आणि कळवळतो.
करंगळी टुणकन उडाली.
"ही उत्तम आहे," मी म्हणाले.
"तरुण बाईची शोभेल अशी."
"आणि बाकीच्या?"
"आज मोजायच्या होत्या त्यांतली ही शेवटची."

शब्द तोंडातून गेल्यावर मला ऐकू आला.
बेरिल हळूच मान वळवून म्हणाली,
"ऐकलंस ना? शेवटची.
म्हणजे तू हिच्यावरच आहेस."

विल्फनं पेपरमिंट गालात धरलं.
खोलीत फक्त मशीनचा पंखा.
एवढा वेळ गप्प बसलेला तो
मी पाहिला नव्हता, तिनंही नसावा.
"मग उठू का?" त्यानं विचारलं.
"बस," ती म्हणाली. "उठून जाणारेस कुठं?
बसची वेळ तरी माहितीय का तुला?"

करंट मी बंद केला होता.
वायर काढायच्या राहिल्या होत्या, एवढंच.
टक्.
पडद्यावरची रेषा दचकली,
एक बारीक, अणकुचीदार शिखर,
आणि पुन्हा खाली.
नियमाप्रमाणे मी नोंद केली:
रुग्णाच्या हालचालीमुळे आलेला अडथळा.

बाहीचं बटण त्यानं लावलं. चुकीच्या काजात.
तिनं ते बघितलं, तोंड उघडलं, मिटलं,
आणि तशीच कोट चढवून निघाली.
कॉरिडॉरच्या टोकापर्यंत
मला ऐकू येत होती
ती शीळ, आणि तिच्या मागोमाग
"विल्फ!"