चादरीचं दुसरं टोक

उद्या मुलुंडला जाशील तेव्हा
दहा मिनिटं आधी जा, प्रणोती,
आणि ऑफिसात बसून राहू नकोस.
तिथे सोफा असतो, गणपती असतो,
हसणाऱ्या आजीआजोबांचा फोटो असतो.
ते आजीआजोबा कुठलेही असू शकतात.

बाथरूम कुठंय विचार.
पाहुण्यांचं नव्हे, आपलं.
कडी लागते का बघ.
हातमोज्यांचा खोका बाहेर आहे की कपाटात,
आणि कपाटाची किल्ली कोणाच्या कमरेला.
फिनेलचा वास जरा जास्तच आला
तर समज, सकाळी नऊ जणांमागे एकच बाई होती.

बेल वाजली की आकडे मोज.
चेंबूरच्या त्या होममध्ये मी मोजत होते,
एकशे चाळीसपर्यंत गेले,
आणि उठले नाही,
कारण माझे दोन्ही हात
दुसऱ्या एका बाईंच्या पाठीखाली होते.
हे रजिस्टरात येत नाही.
रजिस्टरात येतं : आया हजर.

पगाराचं तू विचारशीलच.
रात्रपाळीला चहा मिळतो का, तेही विचार.
हसतील. हसू देत.

आता म्हणशील, मावशी, मग दहिसरला
अकरा वर्षं कशी काढलीस?
तिथे कडीसुद्धा नव्हती,
दाराला बादली लावून बसायचो आम्ही,
दहा तारखेचा पगार वीसला.

खरंय.
पण खरास अंकल गेले ना, पहाटे पावणेचारला,
केवढा थोरला माणूस, आणि मी एकटी,
तेव्हा डाबरेबाई वरून उतरल्या,
गाऊनवरच, केस सुटलेले.
बोलल्या काही नाहीत.
चादरीचं दुसरं टोक धरलं.
मग गॅसवर आधण ठेवलं,
पहिला कप माझ्या हातात दिला.
त्या खाटेवर दोन दिवस कुणाला आणलं नाही,
माणसं नंबर लावून होती तरी.

एवढ्यावर अकरा वर्षं.
जास्तच झाली बहुतेक.
कंबर तरी तसंच म्हणते.

म्हणून सांगते, तू आधी कडी बघ.
टोक कोण धरणार ते
इंटरव्ह्यूत कळायचं नाही,
महिन्यातही नाही,
कुणीतरी जावं लागतं त्यासाठी.

आणि परतीचं बसभाडं
वेगळ्या कप्प्यात ठेव,
म्हणजे नको म्हणता येतं.