टाळ्या

रेडिओवर लागतं ते दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंदांचं.
शेवटी ड्रमच्या मागे किंचित रेंगाळत
टाळ्या येतात.
मला फक्त त्यांच्याबद्दल बोलायचंय.

टोलीडो, ओहायो. शहात्तरचा फेब्रुवारी.
बंद पडलेल्या बेकरीत माझा स्टुडिओ,
भिंतींना अंड्यांचे ट्रे,
हीटर तापला की अजून पावाचा वास यायचा.
गॉर्डी हलास दिवसा काचकारखान्यात,
दहातल्या सहा बोटांना चिकटपट्ट्या.
ट्रूडी त्याला सोडून गेली
त्याला अकरा दिवस झाले होते.

चाल इतकी गोड की मी विचारलं,
हे दुःखाचंच आहे ना?
म्हणाला, रडकं केलं
तर ती शेवटपर्यंत ऐकेल का?

संध्याकाळी ती आली.
खोक्यात त्याचा स्वेटर, चार रेकॉर्ड, दाढीचं मशीन.
त्याच्या आईकडे न्यायचा धीर झाला नाही, म्हणाली.
गॉर्डी सिगारेट आणायला गेला होता,
किंवा तिची गाडी पाहून मागच्या दाराने.
मी कधी विचारलं नाही.

ड्रमवाला दुसरी पाळी गाठायला पळालेला,
टाळ्यांना माणूस नव्हतं.
दोनच मिनिटं, मी म्हटलं,
आणि हेडफोनमधून गॉर्डीचा आवाज काढून टाकला.
दया होती की लबाडी, अजून ठरत नाही.
तिला नुसत्या गिटारी ऐकू आल्या.
हातमोजे दातांनी ओढून,
बर्फाचे बूट आपटत, हसत,
ती स्वतःच्याच जाण्यावर ठेका धरत राहिली.
टाळी एका हाताने वाजत नाही म्हणतात,
आम्ही तर तिच्या तीनदा घेतल्या,
घोळका वाटावा म्हणून.
मस्त आहे, म्हणाली. कुणावर आहे?
मी टेप गुंडाळू लागलो.

गॉर्डी आला. ऐकलं.
चौथ्या टाळीला मान वर झाली.
नाचतानाही ती अशीच मागे पडायची म्हणे.
पुसू का?
त्याने खोक्यातला स्वेटर घातला.
नको.

तीस वर्षांनी फोन आला,
कुठल्याशा सुपरमार्केटमधून,
मागे फ्रीजरची घरघर आणि तेच गाणं.
त्या टाळ्या माझ्या आहेत ना?
हो.
बराच वेळ कुणीतरी गाडी ढकलत गेलं,
मटारांच्या पिशव्या खडखडल्या.
मग ती म्हणाली,
थोडी मागे पडते मी.